ओहोटी लागेपर्यंत

भिवा कोळ्याने कसं मरायचं ते ठरवलं शिमग्यानंतरच्या मंगळवारी, आणि तेही डॉक्टरने विचारलं म्हणून. नाहीतर त्या घरात कोणी कोणाला असलं काही विचारत नसे. जेवलास का, जाळं सुकलं का, पाणी किती चढलं. तीन पिढ्या एवढ्याच प्रश्नांवर निघाल्या होत्या.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तिघं बाकावर बसली होती. मधे भिवा, एका अंगाला मुलगा गुणाजी, दुसऱ्या अंगाला सून मालन. डॉक्टर पोरगेलासा होता, मिशी नुकतीच रुजू झालेली, पण बोलला सरळ.

"आजोबा, गळ्यातली गाठ आता बसणार नाही. किरणं देऊन झाली. ती वाढत जाईल आणि एखाद्या दिवशी श्वासाची वाट बंद करील. तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घालता येते. नळीने महिना-दोन महिने वाढतील, गाठ मात्र राहील. नळी हवी की नको हे त्या दिवशी तुम्हाला सांगता येणार नाही. आज येतंय. आज सांगा."

गुणाजी म्हणाला, "घाला की साहेब. आत्ताच घालून टाका."

"मी त्यांना विचारतोय."

भिवाचा आवाज तोवर अर्धा गेला होता. उरलेला फाटक्या भोंग्यासारखा यायचा. "नली घातल्यावर बोलता येल?"

"नाही. खुणा कराव्या लागतील."

"जेवन?"

"पातळ. तेही नाकातल्या नळीतून."

भिवाने समोरच्या खाटेकडे पाहिलं. तिथल्या माणसाच्या गळ्याला नळी होती आणि त्याची बायको वर्तमानपत्राने नळीवरच्या माश्या हाकलत होती. 

"जनमभर मी मासं मारलं," तो म्हणाला, "आता बायकोला माश्या मारायला लावू? नको. मना घरी न्या."

गुणाजी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायला लागला, म्हणून डॉक्टर पुढचं सगळं मालनशी बोलला. श्वास लागला की बसतं करायचं, पाठीला उशा. दार-खिडकी उघडायची, तोंडावर वारा घालायचा. बाटलीतलं कडू औषध एक झाकण, अर्ध्या तासाने आणखी एक. ओठ ओले ठेवायचे.

"आणि घाबरून पळापळ करायची नाही," तो म्हणाला. "सगळ्यात अवघड तेच आहे."

मग त्याने एका कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. या पेशंटला नळी घालू नये, त्रास कमी होईल तेवढंच करावं. खाली पेशंटची सही आणि दोन साक्षीदार. घरी सगळ्यांसमोर वाचा, मगच सही करा, म्हणाला.

गुणाजी कागदांच्या बाबतीत हळवा होता. खाडीच्या दमट हवेने त्याचं रेशनकार्ड एकदा मऊ भाकरीसारखं होऊन हातात आलं होतं. तो येता येता ठाण्याला उतरला, कोर्टाजवळ गेला आणि कागद लॅमिनेट करून घेऊन आला. घरी भिवाने अंगठ्याला शाई लावली आणि प्लास्टिकवर टेकवली. अंगठा सुरेख उठला. त्याची बायको दगडाबाई हिने कौतुकाने त्यावरून पदर फिरवला आणि नवऱ्याची शेवटची इच्छा साफ पुसून गेली. तीनदा अंगठा लावला, तीनदा पुसला गेला. गुणाजीने लॅमिनेट कापून पाहिलं तर कागदही सोबत सोलून निघाला.

"गावकीला बोलवा," भिवा म्हणाला.

दिवा स्टेशनच्या खालच्या अंगाला खाडीला टेकलेला साठ घरांचा तो कोळीवाडा. गावकी देवळात बसायची. खाडीत कोणी कुठे जाळं लावायचं, लग्नात कोणाचा मान पहिला, असले निवाडे तिथे व्हायचे. मरायचं कसं हा विषय पहिल्यांदाच आला होता, आणि गावकीचा पुढारी दामाजीनाना जरा गोंधळला होता.

"भिवा, तक्रार कोनावर हाय तुझी?"

"कोनावर नाय. शपथ घालायची हाय."

एकविरा आईच्या नावाने नारळ ठेवला. भिवाने बायको, मुलगा आणि सून यांना त्यावर हात ठेवायला लावले.

"मरताना मना दवाखान्यात न्यायचं नाय," त्याने एकेक शब्द ओढून काढला. "नली नाय. माझं घर, माझी जागा. आनि कोन न्यायला आला त त्याला नाय बोलायचं काम मालनचं."

देवळात कुजबुज झाली. दामाजीनाना म्हणाला, "अरे पोटचा पोऱ्या समोर बसलाय, आनि सुनंला सांगतोस?"

"पोऱ्या रडंल. बायको आख्खा गाव गोला करंल." भिवाने दम घेतला. "ही डोंगरातली. हिला खाडीतलं काय कलत नाय. पन हिला घाई बी नाय."

मालन मुरबाडच्या पलीकडची. लग्न होऊन अकरा वर्षं झाली तरी तिला पाणी कधी चढतं, कधी उतरतं याचा पत्ता लागत नसे, आणि यावर घरात अकरा वर्षं हसणं चाललं होतं. त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही. सासऱ्याने तिच्या नावावर घर केलं नाही, होडी केली नाही. एक 'नाय' केलं.

ते तिला पेलेना. कोलंबी सोलताना ती पुटपुटून बघायची, "नाय नेनार." आवाज उपऱ्यासारखा यायचा. मग जरा ठसक्यात, "नाय नेनार म्हंजे नाय नेनार." दारातली मांजर उठून निघून जायची. मांजरीला सांगणं वेगळं. उद्या नवरा समोर उभा राहिला, त्याचे डोळे भरलेले असले, आणि मागे म्हातारा माशासारखा तोंड उघडमीट करत असला, तर? ती चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधायला घ्यायची आणि दोरी बोटालाच गुंडाळून बसायची.

दगडाबाईला असली काही काळजी नव्हती. तिच्याकडे हिशोब तयार होता. खाडीचा माणूस ओहोटीला जातो. भिवाचा बाप ओहोटीला गेला, आजा ओहोटीला गेला, थोरला भाऊ तर ओहोटी लागायची वाट बघत दीड दिवस अडून राहिला होता. "पानी येताना कोनाला नेत नाय," ती म्हणायची, "जाताना नेतं." तेव्हा सांभाळायचं ते ओहोटीत. भरतीत माणूस बिनघोर.

तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे वाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. खाडीत आत पाणी चढायला तासभर जास्त. गुणाजीने बसून महिनाभराचा हिशोब केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर ओहोटीचे तास लाल पेन्सिलीने भरले. दिवसातून दोन ओहोट्या, म्हणजे रोजचे बारा तास. तेवढ्यात कोणी घर सोडायचं नाही. पाणी चढायला लागलं की सगळे मोकळे. होडीला डांबर लावा, बाजारात जा, आंघोळ करा.

गुणाजी मोहन्याला कारखान्यात होता. त्याने अर्ज दिला, 'वडील ओहोटीत जाणार असल्याने अर्धा दिवस रजा मिळावी.' टाइमकीपर साताऱ्याचा. त्याने विचारलं, "पोहायला जाणारेत का?" गुणाजीने समजावून सांगितलं. टाइमकीपरने रजा दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अर्ज आला तेव्हा पुन्हा दिली. आठव्या अर्जाला तो म्हणाला, "गुणाजी, अरे खाडीच आटेल आता."

मालनला विचारायचं होतं, की बाबा भरतीत गेले तर काय करायचं. एकदा तिने विचारलंही. दगडाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून मासे खारवायला गेली.

चैताच्या पुनवेला दुपारी सव्वाबाराला ओहोटी लागली आणि भिवाने डोळे मिटले. श्वास घरघर वाजत होता. मोठं उधाण, मोठी ओहोटी. दगडाबाई म्हणाली, आजच. निरोप गेले. आजूबाजूच्या गावांचे पाहुणे आले, दामाजीनाना आला, बायका पदर तयार ठेवून बसल्या. पाणी उतरत गेलं. चिखल उघडा पडला, त्यावर निवट्या मासोळ्या उड्या मारायला लागल्या. पाच वाजले, साडेपाच झाले. मालनने मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. साडेसहाला खाडी पुन्हा वर सरकायला लागली तसा भिवाने एक डोळा उघडला आणि खोलीभर फिरवला.

"चाय हाय का," तो घरघरला, "का सगला यांनीच प्याला?"

पाहुणे उठले. एका म्हातारीने जाताना दगडाबाईला समजावलं, "होतं असं." जणू लग्न मोडलं होतं.

त्यानंतर चौथा दिवस संकष्टीचा. सकाळी दहाला ओहोटी सरली, घराने सुस्कारा टाकला. दगडाबाई पाटी घेऊन दिव्याच्या बाजारात गेली. संकष्टी असल्यामुळे मासळी फार खपणार नव्हती, पण घरात बसून तरी काय. गुणाजी काठावर होडी उलटी घालून डांबर लावत बसला. मालन पडवीत जवळा निवडत होती. ऊन पांढरं पडलं होतं, लाइट गेलेली, आणि पाणी हळूहळू काठाचे दगड गिळत होतं.

एकच्या सुमाराला आतून आवाज आला. घरघर नव्हती. शिट्टी होती, बारीक, आत ओढलेली.

मालन धावली. भिवा उठून बसायची धडपड करत होता. मान ताणलेली, गळ्याच्या खोबणीत प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता, ओठ निळसर. तिने त्याला मागून धरून बसता केला, पाठीशी उशा आणि गुंडाळलेलं जाळं लावलं. खिडकी उघडली. बाटलीचं झाकण भरताना अर्धं औषध तिच्या मनगटावर सांडलं. पुन्हा भरलं. थेंबाथेंबाने ओठांत सोडलं. मग सूप घेतलं आणि वारा घालायला लागली.

"अवो!" ती खिडकीतून ओरडली. "इकडं या!"

गुणाजी डांबराचे हात घेऊन दारात आला, बापाकडे पाहिलं आणि आल्या पावली पळाला. पळापळ करायची नाही हे मालनने त्याला रोज सांगितलं होतं. तो दहा मिनिटांत परत आला तो पंढरीची रिक्षा घेऊन. पंढरी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. रिक्षा दारातच फटफटत उभी राहिली.

"चला, उचला त्याला," गुणाजी म्हणाला. "ठाण्याला नेऊ."

मालनचं सूप थांबलं. महिनाभर घोटून ठेवलेलं वाक्य कुठे गेलं कळेना. ती म्हणाली, "नारळावर हात ठेवलाय."

"तो मरताना न्यायचं नाय यासाठी ठेवलाय! हा कुठं मरतोय? भरती हाय!" गुणाजीचा आवाज चिरकला. "बाहेर बघ, पानी चढतंय. भरतीत कोन मरत नाय. म्हंजे ह्यो आजार हाय. आजाराला दवाखान्यात न्यायला कसली शपथ?"

क्षणभर मालनलाही ते पटलं. तेच भयंकर होतं. हिशोबात चूक कुठेच नव्हती.

पंढरी दारातून म्हणाला, "काय ते लवकर ठरवा. आज पानी रस्त्यावर येनार. अर्ध्या तासाने रिक्षा निघायची नाय."

शिट्टी वाजत होती. मालनने भिवाच्या कपाळावरचा घाम पुसला आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं. "बाबा, तुमी सांगा. जायचं दवाखान्यात? नळी घालायची?"

भिवाचा हात उशीवरून उठला. थोडा पुढे आला, हवेत हलला आणि खाली पडला. गुणाजीला वाटलं, ने म्हणतोय. मालनला वाटलं, नको म्हणतोय. पंढरीला वाटलं, रिक्षाच्या आवाजाचा त्रास होतोय. त्याने जाऊन ती बंद केली.

एकदम शांत झालं. काठावर पाण्याच्या चापट्या ऐकू यायला लागल्या.

"माझ्या गावाला खाडी नाय," मालन म्हणाली. आवाज थरथरत होता, पण तो तिचाच होता. "भरती नाय, ओहोटी नाय. तिथं मानसं मरतातच की. माझी आये भर दुपारी मेली, शेन गोळा करता करता. तिनं कुठं पानी बघितलं?"

"मालन—"

"नाय नेनार. बाबा बोलता येत होतं तवा बोललेत. आता त्यांना बोलता येत नाय म्हनून तुमी बोलू नका."

गुणाजी पुढे आला. उचलायलाच आला होता. बापाच्या काखेत हात घातला, आणि भिवाचं डोकं त्याच्या डांबराच्या खांद्यावर कलंडलं. तसाच तो खाली बसला. मालनने त्याच्या दुसऱ्या हातात सूप दिलं.

"वारा घाला. तोंडावर, जोरात नको."

अर्ध्या तासाने तिने दुसरं झाकण दिलं. ओल्या फडक्याने ओठ पुसत राहिली. शिट्टी हळूहळू खाली आली. गळ्यातला खड्डा उथळ झाला. भिवाच्या कपाळाच्या आठ्या सुटल्या. तो मुलाच्या खांद्याला टेकून खिडकीबाहेर बघत होता, किंवा नुसतेच डोळे उघडे होते. दोन श्वासांच्या मधे जागा पडायला लागली. एकदा इतकी मोठी पडली की गुणाजीचं सूप थांबलं. पुन्हा एक श्वास आला. मग पुन्हा जागा पडली, आणि ती तशीच राहिली.

गुणाजी वारा घालतच होता.

"पुरे आता," मालन म्हणाली. सव्वादोन वाजले होते.

दगडाबाई रिकामी पाटी घेऊन आली ती गुडघ्यापर्यंत भिजून; रस्त्यावर पाणी आलं होतं. दारात रिक्षा, आत तिघांचे चेहरे. ती नवऱ्यापाशी बसली, त्याच्या छातीवर तळवा ठेवला. ठेवूनच राहिली. गुणाजीच्या घशातून हुंदका फुटायला लागला तशी तिने दुसऱ्या हाताने त्याचं तोंड दाबलं.

"रडू नको."

"आये, बाबा गेला."

"कललंय मना. पानी चढतंय ना अजून? चारपर्यंत कोनी रडायचं नाय."

"आये, असं काय करतीस?"

"भरतीत गेला म्हटलं की गाव काय बोलंल?" ती हळू पण भरभर बोलत होती. "बोलंल, त्याची येल नव्हती. बोलंल, दवाखान्यात नेला असता त वाचला असता. मंग हिच्या नावानं बोंब मारतील. जलमभर. पान्याला जाईल तिथं, बाजारात जाईल तिथं." तिने मालनकडे पाहिलंही नाही. "चारला ओहोटी लागंल. चारला तो जाईल. पंढरी, तू काय बघितलंस?"

पंढरीने नजर दाराबाहेरच्या पाण्याकडे वळवली. "कुठं काय. झोपलाय ना भिवाकाका."

मालनला बसवेना. महिनाभराची धडधड आता तरी थांबेल असं तिला वाटलं होतं; ती उलट वाढली. तिने सासऱ्याचे डोळे मिटले, पांघरूण छातीपर्यंत ओढलं, मान सरळ केली. दगडाबाईने सूप हातात घेतलं आणि मेलेल्या नवऱ्याला वारा घालायला लागली. त्याला अजून उकडत असल्यासारखी, बेताने.

तीन वाजून गेल्यावर दामाजीनाना धोतर वर खोचून पाण्यातून आला. रिक्षा आल्याचं वाड्यात कळलं होतं.

"काय गो दगडा, श्वास लागला म्हनं भिवाला?"

"झोपलाय," दगडाबाई म्हणाली.

दामाजीनाना उंबऱ्यातून डोकावला. आत अंधार, बाहेर लखलखीत पाणी. "अरे मंग बसलाव काय? भरती हाय अजून, सुखरूप पोचंल. मी होडी काढतो. पलीकडं रिक्षा करू, ठाण्याला नेऊ. बघताव काय एकमेकांच्या तोंडाकडं?"

हे मालनचं काम होतं. तिने तोंड उघडलं. जिवंत माणसासाठी ती एकदा भांडली होती. आता काहीच उमटेना. दामाजीनाना चपला काढून आत यायला लागला. आणखी चार पावलं, की त्याचा हात भिवाच्या अंगाला लागला असता.

गुणाजी उठला आणि दारात आडवा उभा राहिला. हात डांबराने काळे, एका खांद्यावर बापाच्या घामाचा ओला डाग.

"नाय नेनार, नाना."

"अरे पन—"

"बाबानं सांगितलंय. गावकीसमोर. तुमी व्हताव तिथं." तो रडत नव्हता. ओठ आवळून त्याने पुन्हा म्हटलं, "दवाखान्यात नाय नेनार. ह्यो आपल्या घरात हाय, आपल्या जागंवर हाय. नाय म्हंजे नाय."

दामाजीनाना त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या खांद्यावरून आत, दगडाबाईच्या सुपाकडे. सूप हलत होतं आणि त्याच्याखाली काहीच हलत नव्हतं. सत्तर वर्षं खाडीवर काढलेला माणूस. पाणी कुठवर आलंय हे बघायला त्याला मागे वळावं लागलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "नाय त नाय."

तो पडवीत भिंतीला टेकून बसला. डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. कोणी पाणी विचारलं नाही, त्याने मागितलं नाही. शेजारची एक बाई काय झालं बघायला आली, तिला त्याने हातानेच परत पाठवलं. "झोपलाय तो. ओहोटी लागली का ये."

गुणाजी त्याच्या शेजारी येऊन बसला. त्याचे खांदे हलायला लागले तसा दामाजीनानाने एक हात त्याच्या पाठीवर ठेवला, आणि दाबून धरला. मालन उंबऱ्यात बसली. आत सूप, बाहेर पाणी. ओहोटी लागायला अजून पस्तीस मिनिटं होती.